हाजतीची नमाज

धार आणि देवास ही नावे महाराष्ट्रीयांच्या कानाला परकी नाहीत. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. दोन्ही नगरांतील पवारांच्या गाद्या १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत नांदल्या, आणि त्यांच्या आश्रयाने गेलेली मराठी घरे माळव्यातच रुजली. त्या घरांना शेजार मिळाला तो पुष्कळदा मुसलमान कुटुंबांचा. शेजाऱ्याच्या सणावाराचे ज्ञान माणसाला लवकर होते. शिरखुर्म्याची वाटी आली की ईद कळते. शेजाऱ्याच्या संकटाचे ज्ञान मात्र सावकाश होते. घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे, कचेरीत कागद अडला आहे, मुलीचे लग्न जमून मोडले आहे, अशा वेळी रात्री उशिरा त्या घरात दिवा जळतो आणि कोणीतरी एकटेच दोन रकात नमाज पढते. विचारले तर उत्तर मिळते, ‘हाजतीची नमाज.’

हाजत म्हणजे गरज. शब्द मराठीतही आला आहे. परंतु मराठीने त्याला देहधर्माच्या निकडीपर्यंत खाली उतरवले, तर दुसरीकडे कच्च्या कैदेच्या कोठडीत नेऊन बसवले. अरबीत आणि उर्दूत त्याची प्रतिष्ठा अद्याप शाबूत आहे. माणसाला जे हवे आहे आणि जे त्याच्या स्वतःच्या हातात नाही, ते सारे हाजत या शब्दात मावते.

या नमाजेविषयी बाहेरच्या माणसाचे मत बहुधा झटपट बनते. कोणी म्हणतो, हा मुसलमानांचा नवसच होय. कोणी म्हणतो, ही भाबडी समजूत आहे. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक नसते, ती ही की या नमाजेची सर्वांत कठोर उलटतपासणी खुद्द मुसलमान पंडितांनी केली आहे आणि ती हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. प्रश्न एकच: ही नमाज पैगंबरांनी खरोखर शिकविली काय?

हा प्रश्न कोरड्या विद्वत्तेचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. इस्लाममध्ये उपासनेचा प्रकार मनाने रचता येत नाही, हा पहिला नियम. दिवसातून पाच नमाजा, त्यांच्या रकाती, त्यांतील वाकणे नि माथा टेकणे, हे सर्व पैगंबरांच्या आचरणावरून ठरलेले आहे. त्यांच्या नावावर न केलेली गोष्ट केली म्हणून सांगणे हा साधा प्रमाद नव्हे, तर घोर पाप मानले जाते. तेव्हा जी व्यक्ती संकटात सापडून ही नमाज पढते, तिला आपण ईश्वराने दाखविलेल्या वाटेने जात आहो की कोणा अनामिकाने आखलेल्या वाटेने, हे कळणे अगत्याचे असते.

मूळ वचन तिर्मिजी यांच्या संग्रहात आहे. इ. स. ८९२ मध्ये निधन पावलेला हा संग्राहक हदीसांच्या सहा मान्य संग्रहांपैकी एकाचा कर्ता. वचनाचा आशय असा: ज्याला ईश्वरापाशी अथवा एखाद्या माणसापाशी काही गरज पडली असेल त्याने नीट वुजू करावा, दोन रकात नमाज पढावी, ईश्वराचे स्तवन करावे, पैगंबरांवर दरूद पाठवावा आणि मग एक दुआ म्हणावी. ती दुआ ईश्वराच्या क्षमाशीलतेच्या व औदार्याच्या उच्चाराने सुरू होते, पापाची क्षमा मागते, चिंता दूर कर म्हणते, आणि शेवटी कोठे गरजेपाशी येते. ‘एखाद्या माणसापाशी’ हे शब्द विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. सावकाराच्या पेढीवर किंवा साहेबाच्या टेबलासमोर ज्याला उभे राहावयाचे आहे, त्याने आधी दुसरीकडे उभे राहावे, असा त्यांचा रोख आहे. माणसापुढे हात पसरण्याची लाज ज्याने अनुभवली आहे त्याला याचे मोल सांगावयास नको.

आता तपासणी. हे वचन पैगंबरांचे सहचर अब्दुल्ला इब्न अबी औफा यांच्या नावाने येते. हे गृहस्थ इराकमधील कूफा नगरात राहत, आणि तेथे वारलेले ते शेवटचे सहचर होत. त्यांच्याकडून ते ऐकल्याचे सांगणारा मनुष्य म्हणजे फाइद इब्न अब्दुर्रहमान. सारी अडचण या एका नावापाशी आहे. हदीसशास्त्रात वचनाचा आशय कितीही गोड असो, ते कोणी कोणाकडून ऐकले ती कथकांची साखळी आधी पाहतात. साखळीतील प्रत्येकाची स्मृती, सचोटी, गुरुशिष्यसंबंध, इतकेच काय पण त्यांची भेट होणे कालदृष्ट्या शक्य होते की नाही, हेही पाहतात. फाइद या कसोटीस उतरला नाही. बुखारी यांनी त्याची वचने अग्राह्य ठरविली. अहमद इब्न हंबल यांनी त्याला सोडून दिलेला कथक म्हटले. आणि स्वतः तिर्मिजी यांनी? त्यांनी वचन नोंदविले आणि लगेच त्याखाली लिहून ठेवले की हे विरळ आहे, याच्या साखळीत दोष आहे, फाइद दुर्बल कथक आहे. संग्राहकाने आपल्याच मालावर खोट दाखविणारी चिठ्ठी चिकटवावी, हे दृश्य आजच्या दुकानदारीत सहसा पाहावयास मिळत नाही.

पुढील पंडितांत मतभेद झाले. १०१४ मध्ये वारलेले हाकिम फाइदाविषयी बरेच सौम्य आहेत. बगदादचे इब्नुल जौजी, मृत्यू १२०१, यांनी तर हे वचन बनावट वचनांच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नेऊन टाकले. बहुतेकांनी मधली भूमिका घेतली: बनावट म्हणता येत नाही, परंतु फार दुर्बल आहे.

या वचनाच्या आसपास आणखीही काही आहे. त्यातील एक तर सरळ खोटे ठरले आहे. बारा रकाती पढाव्या, शेवटच्या सिजद्यात कुराणातील अमुक अध्याय इतक्या वेळा म्हणावा, मग मागणे मागावे आणि ही गुप्त विद्या मूर्खांना शिकवू नये, कारण त्यांनी मागितले तरी ते मिळेल, अशी ती कृती आहे. तिच्या साखळीत उमर इब्न हारून नावाचा बल्ख येथील मनुष्य आहे, आणि परीक्षकांनी त्याला खोटारडा म्हटले आहे. पण साखळी न पाहताही ती पकडता येते. कारण सिजद्यात कुराणपठण करण्यास पैगंबरांनी मनाई केल्याचे भक्कम पुराव्याने सिद्ध आहे. खोटे नाणे वाजवून पाहण्याआधीच त्याच्यावरचा छाप उलटा दिसावा, तसा हा प्रकार होय. गंमत अशी की लोकांत खपते ते बहुधा हेच नाणे. आकडा जितका मोठा, कृती जितकी अवघड, तितका गरजवंताचा विश्वास अधिक बसतो. हे पत्र अकरा जणांना लिहून पाठवा म्हणजे इच्छा पुरी होईल, न पाठवाल तर नुकसान होईल, अशी कार्डे ज्यांनी टपालात पाहिली आणि आता मोबाइलवर पाहतात, त्यांना ही मनोवृत्ती कोणा एका धर्माची नाही हे वेगळे सांगावे लागू नये.

धार आणि देवास यांचा या प्रश्नाशी संबंध केवळ शेजारापुरता नाही. धार जिल्ह्यातील मांडवगड, म्हणजे मांडू, हे एका मोठ्या सूफी संप्रदायाचे हिंदुस्थानातील आद्य ठाणे. शाह अब्दुल्ला शत्तारी पंधराव्या शतकात इराणकडून आले, माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या राजधानीत स्थिरावले, आणि १४८५ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांची कबर गडावर आहे. शत्तार म्हणजे वेगाने जाणारा. ईश्वरापर्यंत पोचण्याची आपली वाट इतरांहून जलद आहे, असा या संप्रदायाचा दावा होता. याच परंपरेत पुढे ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस झाले. तानसेनाची समाधी ज्यांच्या मकबऱ्याच्या आवारात आहे तेच हे. त्यांचा ‘जवाहिर-ए-खम्सा’, म्हणजे पाच रत्ने, हा फारसी ग्रंथ दूरवर गेला. मदिनेत त्याचे अरबी भाषांतर झाले. त्यात विशिष्ट दिवसांच्या व महिन्यांच्या ऐच्छिक नमाजा आहेत, विशिष्ट हेतूंसाठी प्रार्थना आहेत, ईश्वराच्या नामांचे जप आहेत, आणि त्या जपांचे संख्या, अक्षरे, ग्रह यांच्याशी जोडलेले मोठे गणितही आहे. ज्याला गरज लवकर भागावी असे वाटते, त्याला जलद वाटेचे आकर्षण वाटणे साहजिकच.

या परंपरेच्या समोर दुसरी एक परंपरा त्याच काळात त्याच मुलखात उभी राहिली. बऱ्हाणपूरला जन्मलेले अली मुत्तकी हे हदीसांचे थोर संकलक. त्यांनी गुजरातेत मुहम्मद गौस यांच्या विरुद्ध धर्मनिर्णय दिला होता. तो वाद प्रार्थनांचा नव्हता. गौस यांनी आपल्याला स्वर्गारोहणाचा अनुभव आल्याचे लिहिले त्यावरून तो पेटला. परंतु दोन प्रवृत्तींचा सामना त्यात स्पष्ट दिसतो. एक अनुभवाचा आधार घेते, दुसरी पुराव्याचा. अली मुत्तकी यांचे शिष्य पाटणचे मुहम्मद ताहिर. त्यांनी बनावट व दुर्बल वचनांची झडती घेणारा ‘तजकिरतुल मौजूआत’ हा ग्रंथ लिहिला.

या ताहिर पाटणींची कथा सांगण्यासारखी आहे. आपल्या समाजात शिरलेली मते उखडली जाईपर्यंत पागोटे घालणार नाही, असा त्यांनी पण केला होता. १५७३ मध्ये अकबराने गुजरात जिंकला तेव्हा बादशहाने आपल्या हाताने त्यांना पागोटे बांधले व मदतीचे वचन दिले, असे सांगतात. पुढे सुभेदार बदलला, वारे फिरले. ताहिरांनी पागोटे पुन्हा उतरविले आणि बादशहाकडे दाद मागण्यास ते आग्ऱ्याच्या वाटेला लागले. माळव्यात, उज्जैन-सारंगपूरच्या बाजूला, १५७८ साली विरोधकांनी त्यांना गाठून ठार केले. आज राजगड जिल्ह्यात मोडणारे सारंगपूर पुढे मराठी अमलात देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींच्या वाट्याला आले होते. बादशहापाशी हाजत घेऊन निघालेला हा पंडित वाटेतच पडला. त्यांचे शव पाटणला नेऊन दफन करण्यात आले. त्यांची मते कोणाला कर्कश वाटतील. समाजातून विरोधी मत उखडून काढण्यासाठी राजसत्तेचा हात मागणे हे तर आज कोणालाही रुचू नये. तथापि पैगंबरांच्या नावावर खोटे खपू द्यावयाचे नाही, एवढ्यासाठी आयुष्य खर्चिलेल्या पंक्तीतील ते एक होते, हे नाकारता येत नाही.

मग प्रश्नाचा निकाल काय? येथे मुसलमान धर्मशास्त्राचा एक बारकावा पाहण्यासारखा आहे. तेराव्या शतकातील नववी यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनी म्हटले की विधिनिषेध ठरविताना दुर्बल वचन चालणार नाही, पण पुण्यकर्माला उत्तेजन देण्यापुरते ते घेता येईल. काही पंडितांना तेवढेही मान्य नव्हते. १४४९ मध्ये दिवंगत झालेल्या इब्न हजर यांनी या सवलतीला तीन अटी घातल्या. वचन अतिदुर्बल नसावे; त्यातील कर्म आधीच सिद्ध असलेल्या एखाद्या सामान्य तत्त्वात बसणारे असावे; आणि ते आचरताना, हे पैगंबरांचेच निश्चित वचन आहे, असा विश्वास मनात धरू नये.

तिसरी अट मोठी मार्मिक आहे. कर्म करा, पण खात्रीचा आव आणू नका, असे ती सांगते. पहिल्या अटीवर हाजतीच्या नमाजेचे ते विशिष्ट वचन लटपटते, कारण फाइदाचे दौर्बल्य साधे नाही. दुसऱ्या अटीवर मात्र तिला कोणी हलवू शकत नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात धैर्य आणि नमाज यांच्या द्वारे साहाय्य मागण्याचा आदेश दोनदा आला आहे. नीट वुजू करून दोन रकाती पूर्णपणे पढणाऱ्याला त्याने मागितलेले त्वरित अथवा विलंबाने मिळेल, अशा अर्थाचे अबू दरदा यांच्या नावाचे वचन अहमद यांच्या संग्रहात आहे. त्यावरही चर्चा आहे, पण ते फाइदाच्या वचनाइतके दुबळे नाही. अनेक पर्यायांतून निवड करताना पढावयाची इस्तिखाऱ्याची नमाज तर बुखारी यांच्याच संग्रहात आहे. म्हणून गरजेच्या वेळी दोन रकात पढून ईश्वराकडे मागावे, यास बहुतेक कोणाचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो अमुक संख्या, अमुक शब्द, अमुक रात्र आणि हमखास फळ, या पैगंबरांच्या नावाने केलेल्या जाहिरातीला. माळव्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. त्या पंथाच्या ग्रंथांत या नमाजेची ऐच्छिक नमाजांत गणना आहे, काहींत इशेनंतर चार रकाती सांगितल्या आहेत. त्यामुळे त्या घरातील दिवा कोणी मौलवी सहसा विझवावयास जात नाही.

नवसाशी तिची तुलना करणाऱ्याची चूक आता उघड होईल. नवसात करार असतो: तू हे दे, मी ते देईन. पंढरीच्या वाटेवर असो, बांद्र्याच्या मोतमावलीपुढे मेणाचा पाय किंवा मेणाचे बाळ वाहणाऱ्यांच्या रांगेत असो, हा करार ओळखीचा आहे. तुकोबांनी नवसाने मुले होतात असे मानणाऱ्यांची टर उडविली ती उगाच नव्हे. हाजतीच्या नमाजेत देवाला देऊ करण्यासारखे काही नाही. मागणाऱ्याने क्षमा आधी मागितली आहे, आणि मागणे फळले तरी फेडावयाचे काही शिल्लक राहत नाही. न फळले तर मात्र तिचा खरा कस लागतो. हमखास फळाची भाषा जिने ऐकलेली आहे, अशा एखाद्या आईचे मूल दगावले तर ती कोणाला दोष देईल? आपलेच काही चुकले, एक जप कमी पडला, वुजूत कोपर कोरडे राहिले, असे म्हणत ती जन्मभर झुरेल. कथकांच्या साखळ्या तपासणाऱ्या त्या रुक्ष पंडितांनी नकळत अशा आयांवर उपकार केले आहेत.

धारमध्ये कमाल मौला यांचा दर्गा आहे. निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतील हे चिश्ती सूफी १३३० च्या सुमारास वारले. (शेजारच्या वास्तूविषयी चाललेला वाद न्यायालयांपुढील आहे, येथे संबंध कबरीपुरता.) त्यांच्या मृत्यूच्या जवळपास, १३२८ मध्ये, दूर दमास्कसच्या तुरुंगात इब्न तैमिया वारले. मृत साधूंच्या द्वारे ईश्वराकडे मागावे की नाही, या वादात त्यांचे नाव आजही विरोधी पक्षाच्या अग्रभागी असते. आणि दोन्ही पक्ष ज्या एका कथेचा आधार घेतात ती कथा हाजतीच्याच नमाजेची आहे.

एक आंधळा मनुष्य पैगंबरांकडे आला आणि दृष्टीसाठी दुआ करा म्हणाला. पैगंबर म्हणाले, हवे तर मी दुआ करतो; पण तू धीर धरशील तर ते तुला अधिक हिताचे. तो म्हणाला, दुआ करा. तेव्हा त्यांनी त्याला वुजू करावयास, काही पाठांत दोन रकात नमाज पढावयासही, सांगितले, आणि पैगंबरांना मध्ये घालून ईश्वराकडे मागण्याची दुआ शिकविली. हे वचन तिर्मिजी यांनी मान्य केले आहे. दर्ग्याचे समर्थक म्हणतात, मध्यस्थी सिद्ध झाली. विरोधक म्हणतात, ती जिवंत पैगंबरांच्या दुआची मध्यस्थी होती, कबरीची नव्हे. वाद मिटलेला नाही. पण भांडणाच्या गर्दीत कथेतील पहिले वाक्य दोन्ही बाजूंकडून हरवते: न मिळणे हेही हिताचे असू शकते, हा पर्याय पैगंबरांनी आधी त्याच्यापुढे ठेवला होता.

देवासलाही या अनुत्तरित मागण्याची एक आठवण आहे, आणि ती भलत्याच वाटेने आलेली आहे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी खाजगी चिटणीस म्हणून राहिला. १९२४ मध्ये त्याची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी निघाली. तीत गोडबोले नावाचा दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापक कृष्णाला ‘ये’ म्हणून आळविणारे गीत गातो. ऐकणारी वृद्ध बाई विचारते, दुसऱ्या एखाद्या गीतात तरी तो येत असेल ना? गोडबोले शांतपणे सांगतो की नाही, तो येत नाही. डॉक्टर अजीज नावाचा मुसलमान त्या कादंबरीत गोडबोल्यांचा स्नेही आहे; दोघांच्या प्रार्थना वेगळ्या, न येण्याचा अनुभव सारखा.

पैगंबरांचे सहचर हुजैफा यांनी सांगितलेली एक गोष्ट अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. ती फार छोटी आहे. एखाद्या गोष्टीने पैगंबरांना ग्रासले की ते नमाजेला उभे राहत, एवढेच तीत म्हटले आहे. रकाती किती, दुआ कोणती, याचा तीत उल्लेख नाही. आणि मागितलेले मिळाले की नाही, याचाही नाही.